दिवा, पंखा आणि टाकीतलं पाणी

घरातल्या फिश टँकचं पाणी आठवड्याभरात बोटभर खाली गेलं, की बहुतेक लोक वरच्या दिव्याला दोष देतात. संशय साहजिक आहे. दिवा पाण्याच्या अगदी जवळ असतो, हात लावला तर गरम लागतो, आणि झाकण उचललं की आतून दमट ऊब येते. पण हिशेब मांडून बसलं तर वेगळंच दिसतं. आजच्या घरांत दिव्याचा वाटा लहान असतो. पाणी नेते ती खोलीतली हवा. ती किती कोरडी आहे, किती हलते आहे आणि पाण्यापेक्षा गार आहे की गरम, यावर बहुतेक सगळं ठरतं. दिवा त्याला हातभार लावतो. ज्यांनी मासे पाळले आहेत त्यांनी हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण पाणी कसं जातं हे कळल्याशिवाय ते भरायचं कसं आणि भरायचं कुठलं, हे कळत नाही.

या विषयाचा पाया जॉन डाल्टनने १८०२ साली घातला. अणुसिद्धान्तामुळे आपण त्याला ओळखतो, पण त्याचा पहिला ध्यास हवामानाचा होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत बाहेर पडत असतात आणि हवेतल्या वाफेचे काही रेणू सतत परत येत असतात. पाण्याच्या तापमानानुसार वाफेचा एक कमाल दाब ठरतो. हवेत आधीच असलेल्या वाफेचाही दाब असतो. या दोन दाबांतली तफावत जितकी मोठी, तितकं बाष्पीभवन जास्त. तफावत शून्य झाली, की जेवढं जातं तेवढंच परत येतं आणि पातळी हलत नाही. टाकी कितीही मोठी असो वा लहान, नियम हाच.

पाणी २० अंशांवर असेल तर हा कमाल दाब सुमारे २.३४ किलोपास्कल असतो, २८ अंशांवर ३.७८ आणि ३० अंशांवर ४.२५. हे आकडे धरून आपल्याकडची काही घरं पाहू.

मुंबईतला जुलै. खोली २८ अंश, पाणीही २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. हवेतल्या वाफेचा दाब ३.२१, म्हणजे तफावत जेमतेम ०.५७. या दिवसांत टाकीतलं पाणी हलता हलत नाही. आता त्याच खोलीत दारं-खिडक्या लावून एसी सुरू केला. खोली २४ अंशांवर आली, आणि एसीने हवेतलं पाणी गाळून बाहेर टाकल्यामुळे आर्द्रता ५० टक्क्यांवर उतरली. पाणी थोडं गार होऊन २५ अंशांवर आलं तरी तफावत १.६८ होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. बाहेर धो धो पाऊस आणि घरात टाकी आटते आहे, हे कोडं पुष्कळांना पडतं. त्याचं उत्तर एसीच्या नळीतून बाहेर ठिबकत असतं.

नागपूरचा मे घ्या. दुपारी खोली ३६ अंश, आर्द्रता २० टक्के, पाणी ३० अंश. तफावत ३.०६, म्हणजे जुलैतल्या मुंबईच्या पाचपटींहून जास्त. पण विदर्भात उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो, आणि कूलर हे यंत्रच हवेत पाणी मिसळणारं आहे. खोली २९ अंशांवर आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर आली, तर २८ अंशांच्या पाण्यासाठी तफावत १.२ च्या आसपास उतरते. कूलर टाकीचं पाणी वाचवतो, अट एवढीच की त्याचा झोत थेट टाकीवर येता कामा नये.

सगळ्यात अनपेक्षित उदाहरण पुण्यातल्या डिसेंबरचं आहे. थंडीत पाणी कमी उडणार असं आपण गृहीत धरतो. खोली २० अंश, आर्द्रता ५० टक्के. हीटर नसेल आणि पाणीही २० अंशांवर असेल तर तफावत १.१७. हीटर लावून पाणी २७ अंशांवर ठेवलं तर तीच तफावत २.४ होते. हीटरने बाष्पीभवन दुप्पट केलं. रात्री टाकीच्या झाकणाला आतून घाम फुटतो तो याचमुळे.

दोन फूट लांब आणि एक फूट रुंद टाकीत पातळी एक मिलिमीटर खाली गेली, तर सुमारे १८५ मिलिलिटर पाणी गेलं. तीन मिलिमीटर म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. हवामान खातं आणि कृषी विद्यापीठं बाष्पीभवन याच मापाने मोजतात. त्यांच्या वेधशाळेत सुमारे १२२ सेंटिमीटर व्यासाचं आणि २५ सेंटिमीटर खोलीचं एक उघडं गोल पात्र असतं, पक्ष्यांनी त्यातलं पाणी पिऊ नये म्हणून वर तारेची जाळी असते, आणि पातळी रोज किती मिलिमीटर उतरली याची नोंद होते. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात हा आकडा दिवसाला १० मिलिमीटरच्या वर जातो. घरात ऊन नाही, रानवारा नाही, त्यामुळे टाकीचा आकडा बराच खाली राहतो. मात्र एक ध्यानात ठेवावं: बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, खोलीवरून नाही. उथळ पसरट टाकी आणि खोल टाकी यांचा वरचा आकार सारखा असेल तर पाणी सारखंच जाईल, पण उथळ टाकीत थोडं पाणी असल्यामुळे तोच तोटा तिला फार लवकर जाणवेल.

आता दिव्याकडे येऊ. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० ज्यूल उष्णता लागते. त्यावरून एक सोपा हिशेब निघतो: एक वॉटचं उपकरण एक तास चाललं आणि त्याची सगळी ऊर्जा केवळ वाफ करण्यात गेली, तर जास्तीत जास्त दीड मिलिलिटर पाणी उडेल. प्रत्यक्षात थोडीफार उष्णता काचेतून बाहेर जाते, थोडी हवा तापवते, म्हणून खरा आकडा याहून कमीच. १८ वॉटची एलईडी पट्टी आठ तास चालली तर कमाल मर्यादा सुमारे २१५ मिलिलिटर. त्यातही एलईडीच्या प्रकाशझोतात अवरक्त किरण जवळपास नसतात. तिची उष्णता मागच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून वर जाते, पाण्यात जात नाही. पट्टी उघड्या स्टँडवर टांगलेली असेल तर ही उष्णता खोलीत विरते. तीच पट्टी बंद हूडच्या, म्हणजे टाकीवरच्या झाकणाच्या, आत चिकटवली असेल तर हूडमधली हवा तापते आणि थोडी ऊब पाण्यापर्यंत पोचते.

जुन्या टाक्यांवर साधे पिवळे बल्ब असत, आणि दिव्याची बदनामी तेव्हापासूनची आहे. त्या काळी ती खरीही होती. तारेचा बल्ब वीज खातो त्यातला अगदी थोडा भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात जातो, बाकी सगळी उष्णता, आणि त्यातली बरीचशी अवरक्त किरणांच्या रूपात. हे किरण पाणी झपाट्याने शोषून घेतं. जितकी तरंगलांबी जास्त, तितका शोषणाचा थर पातळ, म्हणून वरचं पाणी आधी तापतं, आणि वाफ तिथूनच होते. ६० वॉटचा बल्ब आठ तास म्हणजे ७०० मिलिलिटरपर्यंतची मर्यादा. ट्यूबलाइटने हे कमी केलं, पण तिचा चोक हूडमध्येच बसवलेला असे आणि तो चांगलाच तापत असे. समुद्री प्रवाळ ठेवणारे शौकीन काही वर्षांपूर्वीपर्यंत १५० ते २५० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे लावत. त्या टाक्यांना पाणी गार ठेवायला चिलर लागत आणि पाणी रोज लिटरांनी भरावं लागे. तिथे दिवा हाच मुख्य गुन्हेगार होता.

आजच्या टाकीत मात्र दुसरा एक मानकरी आहे, त्याच्याकडे कुणी पाहत नाही. पाण्यात बुडवलेला फिल्टरचा पंप. तो १५ वॉटचा असला तरी चोवीस तास चालतो, आणि त्याने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी पाण्यात उष्णता होऊन उतरते. मर्यादा काढली तर ५४० मिलिलिटर, म्हणजे एलईडीच्या अडीचपट. दिवा बदलून पाणी वाचवायला निघालेल्याने आधी पंपावर लिहिलेले वॉट वाचावेत.

आणि खिडकी तर सगळ्यात मोठा दिवा. दोन फूट बाय एक फुटाच्या काचेवर पश्चिमेचं ऊन नुसतं मध्यम तीव्रतेने, म्हणजे चौरस मीटरला ५०० वॉट धरून, तीन तास पडलं, तरी सुमारे २८० वॉट-तास ऊर्जा त्या काचेवर येते. एलईडी दिवसभरात खाते त्याच्या जवळजवळ दुप्पट. सूर्यप्रकाशातली साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त असते. वर शेवाळ माजतं ते निराळंच. टाकीची जागा ठरवताना लोक सोफ्यासमोरची भिंत पाहतात. त्यांनी दुपारी चार वाजता ऊन कुठवर येतं तेही पाहावं.

प्रकाश उष्णतेशिवायही पाणी उडवू शकतो का, हा प्रश्न अलीकडे गंभीरपणे विचारला गेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये गँग चेन यांच्या गटाने २०२३ आणि २०२४ साली असं मांडलं की दृश्य प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणूंचे लहान पुंजके थेट सुटे करू शकतो, आणि हिरव्या रंगाच्या प्रकाशात हा परिणाम सर्वाधिक दिसतो. पाणी स्वतः हिरवा प्रकाश फारसा शोषत नाही, म्हणून हे निरीक्षण चकित करणारं आहे, आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद चालू आहे. घरच्या टाकीचा हिशेब त्यामुळे बदलत नाही. पण पाण्याच्या पृष्ठभागासारख्या रोजच्या गोष्टीतही अजून नवं सापडतं, हे मला फार आनंदाचं वाटतं.

आता वारा. पाण्याच्या लगत दमट हवेचा एक पातळ थर साचतो आणि तोच पुढच्या बाष्पीभवनाला अडवतो. छताचा पंखा हा थर सतत पुसून टाकतो. जलतरण तलावांसाठी अभियंते जे सूत्र वापरतात त्यानुसार पृष्ठभागावरून सेकंदाला एक मीटर वेगाने हवा वाहिली, तर शांत हवेच्या जवळपास दुप्पट पाणी जातं. पंख्याखालच्या उघड्या टाकीला हे लागू आहे. एअर पंपाच्या बुडबुड्यांवर मात्र विनाकारण आळ येतो. मिनिटाला दोन लिटर हवा सोडणारा पंप दिवसभरात २,८८० लिटर हवा पाण्यातून नेतो. ती हवा २८ अंशांवर वाफेने पूर्ण भरली तरी, तीस अंशांच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत, प्रत्येक हजार लिटरमागे साधारण १२ ग्रॅम पाणीच जास्तीचं उचलते. दिवसाला हे ३५ मिलिलिटरच्या आसपास होतं. बुडबुडे फुटताना उडणारे तुषार आणि ढवळलेला पृष्ठभाग यांचं नुकसान त्यावर वेगळं, आणि काठावर दिसणारे क्षारांचे पांढरे ठिपके त्या तुषारांचे.

यावरून कुणी म्हणेल, मग झाकण घट्ट लावा आणि विषय संपवा. काचेच्या झाकणाखालची हवा थोड्याच वेळात वाफेने भरते, थेंब झाकणाला लटकतात आणि परत पाण्यात पडतात. तोटा बराच आटोक्यात येतो. फिल्टरच्या नळ्यांसाठी ठेवलेली फट प्राणवायूची देवघेव चालू ठेवायला सहसा पुरते. फायटर आणि गुरामी यांना तर झाकण हवंच. हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतात, त्यामुळे तिथली हवा उबदार आणि दमट असलेली त्यांना बरी. डिसेंबरात झाकणाने वीजही वाचते. रोज अर्धा लिटर पाणी उडत असेल तर त्या वाफेने नेलेली उष्णता हीटरला भरून काढावी लागते, आणि ती महिन्याला सुमारे १० युनिट होते.

मे महिन्यात माझं मत अगदी उलट आहे. तेव्हा बाष्पीभवन अडवू नये, होऊ द्यावं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टाकी गार राहते: उडणारं पाणी जाताना उष्णता घेऊन जातं. ३६ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर तो २० अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे गार व्हायला भरपूर वाव आहे. मुंबई-गोव्याच्या ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तोच तापमापक २७ च्या खाली जात नाही. म्हणून झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा लावण्याचा उपाय जळगाव-अकोल्यात चांगला लागू पडतो आणि रत्नागिरीत थोडाच. कोरड्या भागात त्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकतं. माशांसाठी हे दोन अंश मोलाचे आहेत. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.६ च. आणि पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. मे महिन्यात तो पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसला, तर भूक लागली समजून दाणे टाकू नका, झाकण काढा. उडी मारणारे मासे असतील तर काचेऐवजी जाळी ठेवा.

उघड्या टाकीत पाणी रोज भरावं लागेल, आणि सगळ्यात मोठी गफलत इथे होते. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. क्षार, माशांच्या विष्ठेतून तयार झालेले नायट्रेट, सगळं मागे राहतं. ५० लिटर पाण्याची टाकी धरा, नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, २०० धरा. रोज अर्धा लिटर उडतो आणि तेवढाच नळाचा अर्धा लिटर आपण घालतो. १०० दिवसांत ५० लिटर पाणी उडालं आणि क्षार मात्र दुप्पट झाले, टीडीएस ४००. बोअरचं पाणी ८०० टीडीएसचं असेल तर १,६००. टाकी काठोकाठ भरलेली असते, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि आतला मासा हळूहळू वेगळ्याच पाण्यात जगत असतो. मग दुकानातून आणलेला नवा मासा सोडला की तो दोन दिवसांत मरतो, जुने मात्र तगतात, आणि दोष दुकानदाराला जातो. जुने मासे त्या पाण्याला सरावलेले असतात. नव्याला तो धक्का सोसत नाही.

यावर उपाय अवघड नाही. दर आठवड्याला पाव टाकी पाणी काढून नवं घातलं, तर याच उदाहरणात टीडीएस २५० च्या आसपास स्थिरावतो. रोजच्या भरीसाठी आरओचं पाणी वापरलं तर आणखी चांगलं, कारण उडालेलंही जवळजवळ तसंच असतं. पूर्ण टाकी मात्र नुसत्या आरओच्या पाण्याने भरू नये, माशांना थोडे क्षार लागतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी शुद्ध वाटतं आणि फुकट मिळतं, तरी ते टाकीत घालू नका. ते तांब्याच्या नळ्या आणि धुळीने भरलेले ॲल्युमिनियमचे पत्रे धुऊन आलेलं असतं, आणि तांबं अगदी थोडं असलं तरी कोळंबी आणि गोगलगायींचा जीव घेतं. समुद्री टाकी असेल तर नियम आणखी कडक: १०० लिटरमधून तीन लिटर पाणी गेलं की लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ ३६ वर जातं. भर गोड्या पाण्याचीच घालायची, मिठाच्या पाण्याची कधीच नाही.

एक शंका मात्र दर वेळी तपासावी: पाणी उडतंय की गळतंय? एका हलक्या प्लास्टिकच्या डब्यात टाकीचंच पाणी भरून तो टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं राहील. दोन्हीकडच्या पातळीवर पेनने खूण करा. दोन दिवसांनी दोन्हीकडे सारखेच मिलिमीटर उतरले असतील तर हवेचं काम आहे. टाकी जास्त उतरली असेल तर कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या जोडावर बोट फिरवा. तिथे ओल किंवा क्षारांची पांढरी रेघ सापडेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर निघण्याआधी आठवडाभर ही मोजणी करा. रोज किती पाणी जातं ते कळलं की तेवढ्या मापाच्या बाटल्या भरून ठेवा, काचेवर पातळीची रेघ ओढा, आणि शेजारच्या काकूंना सांगून जा की रोज एक बाटली रेघेपर्यंत ओतायची, हीटरचा प्लग काढलेला असू द्यायचा, फिल्टर बंद करायचा नाही, आणि दाणे चिमूटभरच घालायचे.